बीएमआयचा बाप आणि त्याचा सरासरी माणूस

कॉलेजचं हेल्थ चेकअप असो, जिमचा पहिला दिवस असो किंवा इन्शुरन्सचा फॉर्म, एक आकडा हमखास विचारला जातो. बीएमआय. वजन किलोमध्ये घ्यायचं, उंची मीटरमध्ये, उंचीचा वर्ग करायचा आणि त्याने वजनाला भागायचं. उत्तर आलं की समोरचा माणूस भिंतीवरचा चार्ट बघतो आणि आपल्याला एका कप्प्यात टाकून मोकळा होतो. बारीक, नॉर्मल, जाड. हे गणित कुणा डॉक्टरने शोधलं असणार असं आपण धरून चालतो. पण ते शोधलं एका खगोलशास्त्रज्ञाने, १८३०च्या दशकात, बेल्जियममध्ये. तेव्हा त्याच्या डोक्यात ना कुणाचं पोट होतं ना डाएट. ग्रहताऱ्यांना जसे नियम असतात तसे माणसांच्या गर्दीलाही असतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.

लांबेर अदोल्फ जाक केटले हे त्याचं पूर्ण नाव. जन्म २२ फेब्रुवारी १७९६, घेंट शहरात. घेंट आज बेल्जियममध्ये आहे, पण तेव्हा बेल्जियम नावाचा देशच नव्हता. शहर फ्रान्सच्या ताब्यात होतं. १८१५ मध्ये नेपोलियन हरला आणि हा सगळा मुलूख नेदरलँड्सच्या राजाला मिळाला. १८३० मध्ये क्रांती झाली आणि बेल्जियम वेगळा झाला. म्हणजे पस्तिशीच्या आत या माणसाने तीन राजवटी बघितल्या, तेही देश न सोडता. पुढे आयुष्यभर त्याला अशा गोष्टींचं आकर्षण राहिलं, ज्या राजे बदलले तरी बदलत नाहीत. हा माझा अंदाज आहे, पण त्याचं चरित्र वाचताना तो सारखा खरा वाटत राहतो.

तो सात वर्षांचा असताना वडील गेले. शाळा संपल्याबरोबर कमावणं भाग होतं, म्हणून सतराव्या वर्षी त्याने मास्तरकी धरली. शिकवायचा गणित, पण जीव होता कलेत. चित्रकलेत बक्षीस मिळवलेलं, कविता करायचा, शिल्पांमधली शरीराची प्रमाणं बघत बसायचा. जर्मिनाल डँडेलिन या मित्राबरोबर त्याने एका ऑपेराची संहितासुद्धा लिहिली आणि १८१६ मध्ये घेंटमध्ये तिचा प्रयोग झाला. गार्निए नावाचे गणिताचे प्राध्यापक भेटले नसते तर आज केटले कदाचित एखाद्या विसरलेल्या कवींच्या यादीत सापडला असता. त्यांनी त्याला गणिताकडे ओढलं. घेंटचं विद्यापीठ तेव्हा नुकतंच, १८१७ मध्ये सुरू झालं होतं. तिथली विज्ञानातली पहिली डॉक्टरेट १८१९ मध्ये केटलेला मिळाली. विषय होता कोनिक सेक्शन्स. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ज्यांना या वक्रांनी छळलंय त्यांनी राग धरायला हरकत नाही, कारण त्या विषयातला एक सुंदर सिद्धांत डँडेलिन आणि केटले या दोन मित्रांच्या नावावर आहे.

त्याच वर्षी त्याला ब्रसेल्सला नोकरी मिळाली, पुढच्या वर्षी तो तिथल्या विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. वय २४. आता त्याने नवा हट्ट धरला. ब्रसेल्सला वेधशाळा हवी. गंमत म्हणजे त्याला स्वतःला दुर्बिणीचा म्हणावा असा अनुभव नव्हता. पण सरकारला पटवण्यात तो पटाईत होता. १८२३ च्या अखेरीस सरकारने त्याला वेधशाळा कशी चालते ते शिकायला पॅरिसला धाडलं.

पॅरिसमध्ये त्याला दुर्बिणींपेक्षा मोठं घबाड मिळालं. लाप्लास, फूरिए, प्वासाँ ही गणितातली दादा माणसं तेव्हा तिथे होती. त्यांच्याकडून तो संभाव्यताशास्त्र, म्हणजे प्रोबॅबिलिटी शिकला. खगोलशास्त्रज्ञांची एक रोजची अडचण असते. एकाच ताऱ्याची जागा शंभर वेळा मोजली तर शंभर वेळा थोडं थोडं वेगळं उत्तर येतं. हात हलतो, हवा हलते, डोळा चुकतो. पण या चुकांनाही शिस्त असते. छोट्या चुका पुष्कळ, मोठ्या चुका मोजक्या, आणि खऱ्या उत्तराच्या दोन्ही बाजूंना सारख्याच. आलेख काढला तर मधे उंचवटा आणि दोन्हीकडे उतार, घंटेसारखा आकार. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला आपण जो नॉर्मल कर्व्ह काढतो तो हाच. त्यावरून तारा नेमका कुठे आहे हे काढता येतं. सरासरी घ्या, ती खऱ्याच्या सर्वांत जवळ.

केटले हा वक्र घेऊन ब्रसेल्सला परतला आणि त्याने तो आकाशावरून काढून माणसांवर ठेवला.

सुरुवात मात्र आपटी खाऊन झाली. १८२०च्या दशकात नेदरलँड्सची लोकसंख्या मोजायची चर्चा चालू होती. केटलेने लाप्लासची एक युक्ती सुचवली. जन्मांची नोंद सरकारी वहीत असतेच. तेव्हा सगळा देश मोजत बसण्याऐवजी मोजके भाग निवडायचे, तिथली माणसं नीट मोजायची, किती माणसांमागे वर्षाला एक मूल जन्मतं ते काढायचं आणि त्या आकड्याने देशभरातल्या जन्मांना गुणायचं. पैसे वाचतात, वेळ वाचतो. यावर बॅरन द केव्हरबर्ग नावाच्या एका अनुभवी प्रशासकाने हरकत घेतली. त्याचं म्हणणं साधं होतं. शहरात आणि खेड्यात, सखल भागात आणि डोंगरात, श्रीमंत वस्तीत आणि गरीब वस्तीत जन्ममृत्यूचं प्रमाण वेगळं असतं. किती गोष्टींनी ते बदलतं हे ठाऊक नसताना निवडलेले भाग सगळ्या देशाच्या वतीने बोलतात असं कसं मानायचं? प्रत्येक माणूस मोजा, दुसरा रस्ता नाही.

केटलेला ते पटलं. एखादा तिशीतला हुशार माणूस अशा वेळी वाद घालत बसला असता. त्याने युक्ती सोडून दिली आणि १८२९ च्या पूर्ण जनगणनेच्या तयारीत मदत केली. आजच्या सर्वेक्षणांचं शास्त्र बघता त्याची मूळ कल्पना तशी चुकीची नव्हती, फक्त नमुना कसा निवडायचा याचं गणित अजून जन्मायचं होतं. पण केव्हरबर्गचा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

१८३० मध्ये क्रांती झाली तेव्हा वेधशाळा अर्धवट बांधून झाली होती. लढाईत बंडखोरांनी त्याच इमारतीचा आसरा घेतला. दुर्बिणी यायला अजून वेळ होता. खगोलशास्त्रज्ञ होता, आकाश बघायची सोय नव्हती. केटलेने माणसं बघायला घेतली.

एक लाख पोरांची उंची

त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रसेल्समध्ये नवजात बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोकांची उंची आणि वजनं गोळा केली. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण वयाप्रमाणे माणूस किती वाढतो याचा व्यवस्थित तक्ता तेव्हा जवळजवळ कुणाकडेच नव्हता. बालरोगतज्ज्ञाकडे असतो तो ग्रोथ चार्ट याच कामाच्या वंशातला.

या आकड्यांतून १८३२ मध्ये त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. माणूस सगळ्या बाजूंनी सारखा वाढत असता, म्हणजे उंच माणूस हा बुटक्या माणसाची नुसती झूम केलेली आवृत्ती असता, तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढायला हवं होतं. तसं होत नव्हतं. पूर्ण वाढ झालेल्या माणसांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढत होतं. उंच माणसं त्यांच्या उंचीच्या मानाने सडपातळ असतात, एवढाच त्याचा अर्थ. केटलेने हे नोंदवलं आणि पुढे गेला. कोण जाड, कोण बारीक, कुणाला आजार होईल, यातलं काही त्याने म्हटलेलं नाही. त्याच्या लेखी ती हजार निरीक्षणांतली एक ओळ होती.

त्याचा सगळा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. एका स्कॉटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याला ५,७३८ सैनिकांच्या छातीची मापं सापडली. सरासरी चाळीस इंचांच्या आसपास. त्याने आलेख मांडला आणि तोच घंटेचा आकार समोर आला. मधल्या मापाचे सैनिक पुष्कळ, टोकाचे थोडे. ताऱ्यांच्या मोजमापातल्या चुकांसारखंच. जणू एकाच सैनिकाची छाती कुणा नवशिक्या शिंप्याने हजारो वेळा मोजली आणि दरवेळी थोडी चुकवली.

इथे केटलेने उडी मारली. ताऱ्याच्या बाबतीत सरासरी म्हणजे खरं उत्तर आणि बाकीच्या चुका. मग माणसांच्या बाबतीतही सरासरी म्हणजे निसर्गाला जो माणूस घडवायचा होता तो, आणि आपण सगळे त्या नेमातून थोडे थोडे सुटलेले. या काल्पनिक मनुष्याला त्याने नाव दिलं, सरासरी माणूस. १८३५ मध्ये आलेल्या त्याच्या माणसाविषयीच्या दोन खंडी ग्रंथाचा नायक हाच. केटलेच्या मते तो नुसता मधला नव्हता, तो आदर्श होता. सौंदर्यातही तोच आदर्श, तब्येतीतही तोच. तुम्ही त्याच्यापासून जितके लांब तितके बिघडलेले. ग्रीक पुतळ्यांची प्रमाणं मोजणारा तरुण चित्रकार अजून त्याच्यात जागा होता, असं मला ते वाचताना वाटलं.

पण याच वक्राने त्याला एक भन्नाट गोष्टही पकडून दिली. फ्रान्समध्ये सक्तीची लष्करभरती होती. उंची १ मीटर ५७ सेंटीमीटरपेक्षा कमी भरली की पोरगा सुटला. कित्येक वर्षांची शिपाईगिरी चुकली. केटलेने एक लाख भरतीवाल्यांच्या उंचीचे आकडे घेतले आणि घंटेच्या आकाराशी ताडून बघितले. उंच पोरांच्या बाजूला सगळं जुळत होतं, कारण तिथे खोटं बोलून कुणाचा फायदा नव्हता. मग त्या जुळणाऱ्या भागावरून त्याने हिशेब केला की १.५७ च्या खाली किती पोरं असायला हवीत. उत्तर आलं २६,३४५. सरकारी वहीत होती २८,६२०. म्हणजे २,२७५ पोरं जास्तीची. आणि १.५७ च्या लगेच वरच्या रकान्यांमध्ये साधारण तेवढीच पोरं कमी.

कुणी गुडघे किंचित वाकवले असतील, कुणी मोजणाऱ्याच्या हातावर काही ठेवलं असेल. आपल्याकडे पोलीस भरतीत मुलं अर्धा सेंटीमीटर वाढावा म्हणून जिवाचं रान करतात, तिथे उलटं चाललं होतं. केटले यांतल्या एकाही पोराला भेटला नव्हता, भरतीच्या एकाही केंद्रावर गेला नव्हता. टेबलाशी बसून, नुसत्या आलेखाच्या आकारावरून त्याने दोन हजारांवर लबाड्या पकडल्या. निवडणुकीच्या आकड्यांपासून परीक्षेच्या मार्कांपर्यंत, घोटाळे हुडकताना आजही हीच रीत वापरतात. आकडे जिथे अचानक खचतात आणि शेजारी अचानक फुगतात, तिथे कुणीतरी हात घातलेला असतो. डेटा जर्नलिझम शिकणाऱ्याने वर्गात पहिल्या दिवशी ऐकावी अशी ही गोष्ट आहे. मला ती कुणी सांगितली नव्हती.

गुन्ह्यांचं अंदाजपत्रक

उंचीनंतर तो गुन्ह्यांकडे वळला असं पुस्तकात वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही कामं बरोबरच चालू होती. फ्रान्सच्या न्यायखात्याने १८२०च्या दशकात गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी छापायला सुरुवात केली होती. केटलेने ती ओळीने मांडली आणि तो हादरला. दरवर्षी साधारण तेवढेच खून. तेवढेच चोर. कोर्टात उभ्या राहिलेल्या शंभरातल्या साठेक जणांना शिक्षा, तीही दरवर्षी. इतकंच काय, खून कशाने झाला, बंदुकीने, सुरीने की गळा दाबून, याचं प्रमाणही फारसं हलत नव्हतं. खून रागाच्या भरात होतो, ठरवून होतो, चुकून होतो. मग दरवर्षी आकडा तोच कसा?

त्याने काढलेला निष्कर्ष त्या काळाला झेपणारा नव्हता. गुन्ह्याची तयारी समाज करतो आणि गुन्हेगार फक्त ती अमलात आणतो, असं त्याने मांडलं. सरकारच्या अंदाजपत्रकात कर जसा आधीच धरलेला असतो, तसे तुरुंग आणि फासही धरलेले असतात. समाजाची परिस्थिती बदला, आकडा बदलेल. यावर बराच गदारोळ झाला. माणसाची स्वतःची इच्छा, पाप-पुण्य, जबाबदारी यांचं काय, असं लोक विचारू लागले. केटलेला नास्तिक आणि नियतीवादी ठरवण्यात आलं. त्याला स्वतःला तसं म्हणायचं नव्हतं. एकटा माणूस काय करेल ते सांगता येत नाही, लाखाचा जमाव काय करेल ते सांगता येतं, एवढाच त्याचा दावा होता. तरुण कार्ल मार्क्सपासून पुढे अनेकांनी ही आकडेवारी आपापल्या कामाला जुंपली. मार्क्सने १८५३ मध्ये फाशीच्या शिक्षेवर लिहिताना केटलेचा आधार घेतला.

मधल्या काळात केटले युरोपभर प्रसिद्ध झाला होता. १८३३ मध्ये केंब्रिजला विज्ञान परिषदेसाठी गेला, तिथे चार्ल्स बॅबेज आणि माल्थस यांच्यासारख्यांबरोबर बसून संख्याशास्त्राचा वेगळा विभाग सुरू करायला लावला. पुढच्याच वर्षी लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी निघाली, ती आज रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी म्हणून ओळखली जाते. १८३६ मध्ये ब्रसेल्सला शिकायला आलेल्या दोन जर्मन राजपुत्रांना त्याने गणित शिकवलं. त्यांतला धाकटा आल्बर्ट पुढे इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा नवरा झाला आणि आकड्यांची आवड त्याने राजवाड्यापर्यंत नेली. वेधशाळेचं कामही चालू होतं. ऑगस्टमध्ये दरवर्षी उल्कावर्षाव होतो हे केटलेने त्याच वर्षांत दाखवून दिलं. लायलॅकला फुलं कधी येणार याचंही रोजच्या तापमानावरून त्याने सूत्र केलं. या माणसाला मोजल्याशिवाय काही सोडवतच नसे.

१८४६ ची बेल्जियमची जनगणना हे त्याचं सर्वांत टिकाऊ काम म्हणायला हवं. सबंध देशासाठी एकच ठरलेली तारीख, कुटुंबातल्या प्रत्येकाची नावानिशी नोंद, वय, धंदा, भाषा, सगळं. सुमारे ४३ लाख माणसं. युरोपातल्या इतर देशांनी हा नमुना उचलला. १८५३ मध्ये त्याने ब्रसेल्सला पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरवली. हेतू असा की सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजावं, म्हणजे तुलना करता येईल. एका देशाने मूल म्हणजे दहा वर्षांखालचं धरलं आणि दुसऱ्याने चौदा, तर दोघांच्या आकड्यांचं लोणचं घालायचं का? २०२१ ची जनगणना वेळेवर न झालेल्या देशात राहणाऱ्या आपल्याला, जुन्या आकड्यांवर योजना आखण्याचे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको.

१८५५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. वय ५९. जीव वाचला, पण स्मरणशक्ती गेली ती पूर्ण परत आलीच नाही. सगळ्या युरोपचे आकडे डोक्यात घेऊन फिरणारा माणूस साध्या गोष्टी विसरू लागला. तरी त्याने काम थांबवलं नाही. वेधशाळेत मुलगा एर्नेस्ट मदतीला होता, पुढे त्याच्यानंतर तिथलं काम त्यानेच सांभाळलं. १८६० मध्ये लंडनच्या परिषदेला केटले गेला तेव्हा उद्घाटनाला त्याचा जुना विद्यार्थी आल्बर्ट होता, आणि तिथेच त्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल भेटली. आपल्याला ती हातात दिवा घेतलेली नर्स म्हणून माहीत असते. प्रत्यक्षात ती आकड्यांची वेडी होती. युद्धापेक्षा घाणीने जास्त सैनिक मरतात हे तिने आलेख काढून सिद्ध केलं होतं आणि केटलेला ती गुरू मानायची. त्याच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीच्या समासांमध्ये तिने भरपूर टिपा केल्या. सरकार चालवणारी माणसं हे शास्त्र न शिकता कारभार करतात याची तिला चीड होती. ऑक्सफर्डमध्ये हा विषय सुरू व्हावा म्हणून तिने पुढे खटपटही केली, पण ती फळली नाही.

१७ फेब्रुवारी १८७४ रोजी केटले ब्रसेल्समध्ये वारला. ७८ वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते.

माणूस गेला, सरासरी राहिली

त्याच्या सरासरी माणसावर सर्वांत झणझणीत टीका तो जिवंत असतानाच, १८४३ मध्ये झाली होती. कूर्नो नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने विचारलं, पुष्कळ काटकोन त्रिकोण घ्या आणि त्यांच्या बाजूंची सरासरी काढा, येणारा त्रिकोण काटकोन असेल का? करून बघा. ३-४-५ आणि ५-१२-१३ हे दोन्ही काटकोन त्रिकोण. सरासरी बाजू ४, ८ आणि ९. चारचा वर्ग अधिक आठचा वर्ग म्हणजे ८०, नऊचा वर्ग ८१. बसत नाही. तसंच सरासरी उंची, सरासरी हात, सरासरी हृदय जोडून जो माणूस बनेल तो कदाचित जगूच शकणार नाही. शंभर वर्षांनी अमेरिकन हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली. सगळ्या दहाही मापांमध्ये मधल्या पट्ट्यात बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. 

दरम्यान केटलेची ती विसरलेली ओळ, वजन आणि उंचीच्या वर्गाची, १९७२ मध्ये परत वर आली. अँसेल कीझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त लोकांवर वेगवेगळी सूत्रं तपासली, केटलेचं सूत्र त्यातल्या त्यात बरं ठरलं आणि त्याला बीएमआय हे नाव मिळालं. हे सातही हजार पुरुष होते. लोकांच्या गटांची तुलना करायला काढलेलं हे माप मग दवाखान्यात, विम्यात, जिममध्ये एकेका माणसाला लावलं जाऊ लागलं. १९९८ मध्ये अमेरिकेने जाडपणाची रेषा खाली आणून २५ वर ठेवली, तर कोट्यवधी अमेरिकन एक ग्रॅमही न वाढता रातोरात जाड ठरले.

केव्हरबर्गचा मुद्दा आठवतोय? एका जागेचं प्रमाण दुसऱ्या जागेला लागू होतंच असं नाही. त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्यात आहे. केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला, दोघं शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो, आणि त्यामुळे त्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर आता २३ च्या वर गेलं की सावध करतात. समजा तुमची उंची १६५ सेंटीमीटर आहे आणि वजन ६५ किलो. बीएमआय येतो २३.९. मोबाइलमधलं परदेशी ॲप तुम्हाला हिरवा रंग दाखवेल, भारतीय निकषांवर तुम्ही जास्त वजनाच्या रकान्यात आहात. माणूस तोच, आरसा तोच.

आणि उंचीचं काय? केटले समजत होता की प्रत्येक लोकसमूहाची सरासरी उंची म्हणजे निसर्गाने धरलेला नेम आहे. त्याच्या शेजारी, आजच्या नेदरलँड्समध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लष्करात येणाऱ्या तरुणांची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास होती. १९९६ मध्ये जन्मलेल्या डच मुलांची सरासरी आहे १८२.५, जगात सर्वांत जास्त. दीडशे वर्षांत निसर्गाचा नेम सतरा सेंटीमीटरने सरकला, असं तर कुणी म्हणणार नाही. दक्षिण कोरियाच्या मुली शंभर वर्षांत वीस सेंटीमीटरने उंच झाल्या. ग्वाटेमालाच्या मुली अजून १४९ च्या आसपास आहेत. १९९६ मध्येच जन्मलेल्या भारतीय मुलांची सरासरी साधारण १६५ आहे, मुलींची १५३ च्या जवळ. म्हणजे आपली मुलं आज तिथे आहेत जिथे डच पोरं केटलेच्या म्हातारपणी होती. हा फरक निव्वळ रक्ताचा असता तर डच तरी एवढे कसे वाढले?

याचं उत्तर केटलेच्या हाताशी होतं. शहरातली पोरं खेड्यातल्या पोरांपेक्षा उंच भरतात हे त्याने स्वतः बेल्जियममध्ये मोजलं होतं. त्याच्या मित्राने, व्हिलेर्मे नावाच्या फ्रेंच डॉक्टरने, १८२९ मध्ये भरतीच्याच आकड्यांवरून दाखवलं होतं की जिथे खायला पुरेसं आहे, घरं चांगली आहेत आणि लहानपणी अंगमेहनत कमी करावी लागते, तिथली पोरं उंच होतात आणि लवकर वाढतात. केटलेने ते वाचलंही होतं, आपल्या ग्रंथात घेतलंही होतं. त्यानंतर तो पुन्हा आपल्या घंटेकडे वळला.